सतरा नंबर दोघींना

योगिनी शिगवणला ऑफिसात पाठीमागून ‘खुसपट मॅडम’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला फारसं वाईटही वाटत नसे. दुसऱ्यांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये खुसपटं काढायची, याचाच तर तिला पगार मिळत होता. कोलशेतला एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटीत, दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात नऊ माणसांची छोटीशी कंपनी होती. तिथे ती सहा वर्षं टेस्टर होती. त्याच रस्त्यावर थोडं पुढे एका कारखान्यात तिचे वडील महिपत चोवीस वर्षं फिटर होते. कारखाना बंद पडला, त्या जागेवर टॉवर उभे राहिले, आणि महिपत दिवा या उपनगरातल्या आपल्या घरी बसले. घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. नळाला पाणी दिवसाआड, तेही कधी येईल त्याचा भरवसा नाही. बाकीचं सगळं टँकरवर.

त्यामुळे कंपनीकडे ‘जलवेळ’चं काम आलं तेव्हा योगिनीला ते घरचंच वाटलं. दिव्यातल्या पंचवीस-तीस गल्ल्यांनी मिळून एक रहिवासी संघ केला होता. संघाचे दिवसाला तीस टँकर येत. एका टँकरमध्ये पन्नास घरांचे ड्रम भरत, म्हणजे पंधराशे घरांना पाणी मिळे. नंबर लावायला सकाळी सहापासून संघाच्या एकाच माणसाला फोन करत बसावं लागे. ज्याचा फोन लागला त्याला पाणी. ज्याचा नाही लागला तो रिकामा ड्रम घेऊन भांडायला. आता त्याऐवजी मोबाइलवर अ‍ॅप उघडायचं, बटण दाबायचं, टँकरचं ठिकाण, वेळ आणि आपला नंबर घ्यायचा. इतकं साधं.

सोमवारी अ‍ॅप सगळ्यांसाठी सुरू होणार होतं. त्याआधी शनिवारी दोन गल्ल्यांतल्या शंभर घरांवर चाचणी. मालक नील प्रधान बुधवारी तिच्या टेबलापाशी आला. नौपाड्यातल्या शिकल्यासवरल्या घरातला, मनाने चांगला, पण एकदा गिऱ्हाइकाला शब्द दिला की त्याला पुढचे खड्डे दिसत नसत.

“योगिनी, दोन गोष्टी ठरवायच्यात. अ‍ॅप त्या शंभर लोकांच्या फोनात कशाने पोचवायचं, आणि लोड टेस्टिंगला कुठलं टूल घ्यायचं. दोन्हीची तुलना करून मला एक कागद दे. उद्यापर्यंत.”

पहिल्या प्रश्नाला दोन उत्तरं होती. एक, अ‍ॅप स्टोअरची चाचणी-यादी. शंभर लोकांचे ईमेल गोळा करायचे, त्यांना बोलावणं पाठवायचं, त्यांनी ते स्वीकारायचं, मग अ‍ॅप उतरवायचं. यादीबाहेरच्या माणसाला ते मिळतच नाही. दुसरं, थेट लिंक देणारं एक टूल. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवली, बोट लावलं, अ‍ॅप फोनात.

योगिनीने दोन्ही प्रकार घराच्या खालच्या मजल्यावरच्या गंगुबाईंच्या फोनवर करून पाहिले. गंगुबाई साताऱ्याकडच्या, वय सत्तरच्या घरात, घरी एकट्या. ईमेलच्या बोलावण्यावर त्यांची गाडी अडली ती अडलीच.

“पासवर्ड? मुलानं टाकलाय कायतरी. त्यो दुबईला. आता त्याला इचारू व्हय?”

लिंकवर मात्र दीड मिनिटात काम झालं. योगिनीने कागदावर लिहिलं: ‘या लोकांसाठी लिंक सोयीची.’ तोटे या रकान्यात तिने एक ओळ लिहिली होती, ‘लिंक पुढे पाठवली जाऊ शकते.’ समोर तिनेच लिहिलं: ‘शक्यता कमी.’

दुसऱ्या प्रश्नाने मात्र तिचा गुरुवार खाल्ला. लोड टेस्टिंग म्हणजे खोटी माणसं उभी करायची. हजार माणसांनी एकाच वेळी बटण दाबलं तर पलीकडचा सर्व्हर टिकतो की कोलमडतो, ते खरी माणसं येण्याआधी बघायचं. एक टूल विकतचं होतं, महिनाभर वापरून बघायला मिळालेलं. रंगीत आलेख, क्लिक करत गेलं की चाचणी तयार. दुसरं फुकटचं. काळी स्क्रीन आणि प्रत्येक गोष्ट हाताने लिहायची.

विकतच्या टूलने दोन हजार खोटी माणसं सोडली. सगळं हिरवंगार. नील मागे उभा राहून बघत होता. “बघ! दोन हजार. काय स्मूथ चाललंय. हेच घेऊ.”

 योगिनीने फुकटच्या टूलमध्ये तीच चाचणी लिहून काढली, पण एक अट जास्तीची घातली: उत्तरात टँकरचा नंबर आला पाहिजे. चाचणी चालू केली. तीनशेपर्यंत ठीक गेलं. साडेतीनशेच्या आसपास लाल ओळी पडायला लागल्या, आणि पाचशेला तर निम्मी स्क्रीन लाल.

“हे फुकटचं टूलच गंडलेलं असेल,” नील म्हणाला.

“नाही सर. ते विकतचं काय करतंय, सर्व्हरने उत्तर दिलं की बरोबर धरतंय. उत्तरात ‘कृपया पुन्हा प्रयत्न करा’ असलं तरी. थांबा, त्यातही तीच अट घालते.”

तिने अट घातली. रंगीत आलेखही तितकाच लाल झाला.

नील खुर्ची ओढून बसला.  “म्हणजे टूलचा दोष नाहीये.”

“टूलला आपण जे विचारू तेच ते सांगणार.”

शेवटी ठरलं की शनिवारी शंभरच घरं आहेत, तेवढं निभेल. कल्याणला घरून काम करणारा सिद्धेश, ज्याने सर्व्हरची बाजू लिहिली होती, तो रविवारपर्यंत डागडुजी करेल. नाहीच झालं तर सोमवार पुढे ढकलायचा. योगिनीला हे पटलं. त्या संध्याकाळी तिने महिपतांना सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “आम्ही पायपात आधी पाणी भरून प्रेशर द्यायचो. गळतंय का बघायचं. मगच वाफ सोडायची. तुझं तेच दिसतंय.”

शुक्रवारी सकाळी साडेअकरा वाजता योगिनीने सहज लिंकच्या टूलचं पान उघडलं. ‘जलवेळ’ किती फोनांत उतरलंय त्याचा आकडा तिथे दिसत असे. गुरुवारी तिने शंभर घरांना लिंक पाठवली होती, आणि रात्री तो आकडा अठ्ठ्याण्णव होता. आता एक हजार एकशे चाळीस होता. तिने पान पुन्हा उघडलं. एक हजार एकशे सत्तावन्न.

 तिने स्वतःच्या फोनवर दिव्यातले ग्रुप चाळले. संघाच्या सचिवांनी सकाळी नऊला मोठा मेसेज टाकला होता: ‘उद्यापासून फोनवर नंबर बंद. सर्वांनी खालील अ‍ॅप घ्यावे.’ खाली तिनेच पाठवलेली लिंक.

नीलने स्पीकरवर सचिवांना फोन लावला. “अहो, उद्या फक्त शंभर घरं होती ना? सगळ्यांना सोमवारपासून.”

“सोमवार काय नि शनिवार काय! लोक खूश आहेत. फोनवाल्या माणसाला मी सुट्टी दिली, तो गावाला गेला. आता नाही म्हणालो तर लोक माझ्या दारात येतील. तुम्ही म्हणालात ना, अ‍ॅप तयार आहे?”

नीलने फोन ठेवला. योगिनीने लिंक बंद केली. पण ज्यांच्या फोनात अ‍ॅप गेलं होतं ते परत घेता येत नव्हतं. स्टोअरची यादी असती तर यादीबाहेर कुणी आलंच नसतं. तिचं लक्ष पुन्हा पुन्हा कागदावरच्या त्या दोन शब्दांकडे जात होतं. शक्यता कमी.

“ते शंभर मोबाइल नंबर सोडून बाकीच्यांना सर्व्हरवरून अडवू,” सिद्धेश फोनवर म्हणाला. “पाच मिनिटांचं काम आहे.”

“आणि बाकीच्यांनी पाणी कुठून घ्यायचं?” योगिनी म्हणाली. “फोनवाला गावाला गेलाय.”

मग तिनेच वाट काढली. तीनशेपर्यंत सर्व्हर टिकतो, हे चाचणीने दाखवलं होतं. तर एका वेळी अडीचशेच घरं आत घ्यायची. गल्ल्यांचे गट पाडायचे, दर वीस मिनिटांनी एक गट. सिद्धेशने चारपर्यंत ते बसवलं. योगिनीने अडीचशे खोट्या माणसांची चाचणी घेतली. अडीचशे जणांनी बटण दाबलं, अडीचशे जणांना नंबर मिळाला. एकही लाल ओळ नाही. तिने दुसऱ्यांदा घेतली. पुन्हा तेच.

“झालं,” नीलने सुस्कारा टाकला. “उद्या मी पण येतो दिव्याला.”

शनिवारी सहा वाजता योगिनी घरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. पहिला गट आत आला. दोनशे बारा घरं, दोनशे बारा नंबर. दुसरा गटही नीट गेला. साडेसहाला पहिला टँकर गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला, त्याचा भोंगा तिला वर ऐकू आला. नीलचा फोन आला, तो रस्त्यात होता. “कसं काय?” “चाललंय,” ती म्हणाली, आणि आपला आवाज इतका सैल झालाय याचं तिला आश्चर्य वाटलं.

सात वाजून दहा मिनिटांनी महिपतांचा फोन. ते ड्रम घेऊन खाली गेले होते.

“योगे, खाली ये. एक नंबर दोघींकडं आहे.”

“कसला एक नंबर?”

“सतरा. गंगुबाईंकडं सतरा आणि त्या रसिकाकडं पण सतरा. जुंपलीय इथं.”

ती चपला न घालताच जिना उतरली. टँकरच्या मागे साठ-सत्तर माणसं होती. पुढे गंगुबाई आणि मागच्या चाळीतली रसिका, दोघींचे फोन एकमेकींच्या तोंडासमोर. योगिनीने दोन्ही फोन हातात घेतले. टँकर तोच, वेळ तीच, नंबर सतरा. खोटं काहीच नव्हतं.

“माझ्याकडे बावीस आहे आणि त्याच्याकडे पण बावीस!” मागून कुणीतरी ओरडलं. मग एकतीस निघाला. मग चव्वेचाळीस. पन्नास ड्रमांच्या टँकरवर एकसष्ट जणांकडे खरे नंबर होते.

योगिनीला तिथे उभ्याउभ्या कळलं काय झालं असेल ते. दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं, दोघांनाही सतरा नंबर रिकामा दिसला, आणि सर्व्हरने तो दोघांनाही देऊन टाकला. तिच्या चाचणीने विचारलं होतं, नंबर मिळाला का? दुसऱ्या कुणाला तोच तर नाही ना मिळाला, हे तिने विचारलंच नव्हतं.

तिने सिद्धेशला फोन लावला. “बुकिंग बंद कर. आत्ता.”

“अजून दोन गट बाकी आहेत. त्यांना काय सांगू?”

“बंद कर. प्रत्येक टँकरवर हेच होणार आहे.”

तेवढ्यात दोन माणसांनी टँकरचा पाइप ओढला. ड्रायव्हर राघो खाली उतरला आणि त्याने पाइप हिसकावून घेतला. “मी गाडी घेऊन जातो हां! मारामारी मला नको.” कुणीतरी गाडीपुढे ड्रम आडवा टाकला. रसिका रडकुंडीला आली होती. “दोन दिवस घरात पाणी नाही. पोराला ताप आहे. आणि माझा नंबर खोटा?”

योगिनी टँकरच्या पायरीवर चढली. सहा वर्षांत तिने ऑफिसच्या मीटिंगमध्येसुद्धा आवाज चढवला नव्हता.

“ऐका! कुणाचा नंबर खोटा नाही. हे अ‍ॅप माझ्या कंपनीने बनवलंय. ते मी तपासलं. चूक माझ्याकडून झालीय.”

“मग तू दे पाणी!” एक माणूस म्हणाला. त्याने तिच्या हाताला हिसडा दिला, ती पायरीवरून घसरली आणि गुडघ्यावर आपटली.  ती उठली, पुन्हा वर चढली. गुडघा ठणकत होता.

“ज्यांचे नंबर दोघांकडे आहेत त्यांनी आत्ता अर्धा अर्धा ड्रम घ्या. उरलेला अर्धा दुपारच्या आत मिळेल. दुसरा टँकर मागवते. आमच्या घरचा नंबर यात आहे, तो मी सोडते.”

“दुपारच्या आत म्हंजे कधी? आन् नाय आला तर?” गंगुबाई म्हणाल्या.

 “मी इथेच उभी आहे, मावशी. येईपर्यंत.”

गंगुबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग रसिकाकडे. “चल गं, आन तुझा ड्रम फुडं. अर्धा तर अर्धा. पोराला ताप हाय म्हनती, तिला आधी वता.”

महिपत पुढे आले. त्यांनी राघोकडून पाइपाची चावी आपल्या हातात घेतली, खिशातल्या खडूने एकेका ड्रमावर मधोमध रेघ ओढली आणि रेघेपाशी चावी बंद करायला लागले. चोवीस वर्षं त्यांनी चाव्याच उघडल्या-मिटल्या होत्या. एक थेंब इकडचा तिकडे झाला नाही. योगिनी एका वहीत घर आणि नंबर लिहीत गेली. कुरकुर चालूच होती, शिव्याही होत्या, पण रांग लागली.

नील दिव्याच्या वाटेवर शीळफाट्यापाशी पोचला होता तेव्हा त्याला तिचा फोन आला. तो तिथेच उतरला. टँकर भरणाऱ्या दोन ठिकाणी त्याला नाही म्हणाले, तिसऱ्या ठिकाणी दोन गाड्या मिळाल्या. गाड्या वाटेत दुसरीकडे वळू नयेत म्हणून तो स्वतः पहिल्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसला. फाट्यावरच्या कोंडीत गाड्या पाऊण तास अडकल्या. इकडे दर दहा मिनिटांनी कुणीतरी योगिनीला विचारत होतं, “आला का?” साडेनऊ झाले, दहा झाले, साडेदहा. इतर गल्ल्यांतून फोन येत होते. एका ठिकाणी लोकांनी सचिवांना घेरलं होतं. अकरा वाजून वीस मिनिटांनी टँकर गल्लीत वळला. नीलच्या पांढऱ्या शर्टावर डिझेलचा डाग होता. अर्धे ड्रम भरले, मग दुसरी गाडी पुढच्या गल्ल्यांत गेली. बुकिंगच न झालेल्या शेवटच्या दोन गटांतल्या बऱ्याच घरांना त्या दिवशी पाणी मिळालंच नाही.

दुपारी घरी, नील समोर बसलेला असताना, योगिनीने शुक्रवारच्या चाचणीची नोंद उघडली. अडीचशे नंबर. तिने ते क्रमाने लावले. अकरा नंबर दोनदा आले होते. दुसऱ्या चाचणीत तेरा. शुक्रवारपासून ते तिच्या समोर पडलेले होते, हिरव्या ओळींच्या खाली.

तिने लॅपटॉप नीलकडे वळवला. त्याने वाचलं आणि तो हळू आवाजात म्हणाला, “हे आपल्यातच राहू दे. संघाला सांगू, गर्दी अपेक्षेपेक्षा जास्त झाली. ते खोटं पण नाहीये. लिंक त्यांनीच वाटली.”

“गर्दीमुळे नाही झालं सर. अडीचशेलाच होत होतं. शंभर घरांवरही झालं असतं, दोन-चार तरी.”

“योगिनी, काम जाईल.”

“उद्या त्यांनी दुसऱ्या कुणाकडून हेच अ‍ॅप दुरुस्त करून घेतलं आणि त्यांनाही कुणी सांगितलं नाही तर? खाली माझे बाबा पाइप धरून उभे होते.”

नील उठून गॅलरीत गेला. परत आला तेव्हा म्हणाला, “लिही. माझी पण सही टाक.”

रविवारी संघाच्या हॉलमध्ये सभा झाली. योगिनीने पान वाचून दाखवलं: काय चुकलं, कधी चुकलं, लिंकचा मार्ग तिने सुचवला होता, आणि दोनदा आलेले नंबर तिच्या नजरेतून सुटले होते. सचिव तावातावाने उठले, तासभर बोलले. एका माणसाने तिला नोकरीवरून काढा म्हणून मागणी केली. रसिका मागच्या बाकावर होती. तिने हात वर केला.

“त्या बाईने काल तिथे उभं राहून सांगितलं, चुकलं म्हणून. इथे अजून कुणी सांगितलं नाही. लिंक कुणी वाटली ते पण बोला की.”

सचिव खाली बसले. संघाने तीन आठवड्यांची मुदत दिली. तोपर्यंत फोन, आणि फोनवर दोन माणसं.

ते तीन आठवडे योगिनीने दोन्ही टूल वापरली. रंगीत टूलचा आलेख संघाला दाखवायला, काळ्या स्क्रीनचं स्वतःसाठी. नव्या चाचणीत आता तिसरी अट होती: एक नंबर एकालाच. सिद्धेशने नंबर देण्याची पद्धतच बदलली. एकाचा नंबर ठरेपर्यंत दुसऱ्याने थांबायचं. अ‍ॅप वाटायला स्टोअरची यादी घेतली, आणि ज्यांना ईमेल जमत नव्हतं त्यांच्यासाठी योगिनी रोज संध्याकाळी गल्लीत खुर्ची टाकून बसली. गंगुबाईंचा दुबईचा पासवर्ड चौथ्या दिवशी आला.

अ‍ॅप पुन्हा सुरू झालं ते एका मंगळवारी. नीलने ऑफिसातून आणि सिद्धेशने कल्याणहून, दोघांनी अकराच्या सुमाराला फोन केला: पंधराशे नंबर, पंधराशे घरं, कुठेही भांडण नाही. योगिनी “हो” म्हणाली आणि फोन ठेवला. तिने नंबरांची यादी उतरवून घेतली होती आणि एकही नंबर दोनदा नाही हे संगणकाने एकदा सांगितलेलं असूनही ती एकेक ओळ बोटाने खाली सरकवत वाचत होती. महिपतांनी तिच्या शेजारी ताट ठेवलं, झाकलं, आणि स्वतः जेवायला बसले.